नानाचं तीन वाक्यांचं भाषण

नाना,

आज तुझी गंधमुक्ती झाली. सुतक फिटलं, पाहुणे जेवून आपापल्या गावी गेले, आपली अक्का सासरी जायला धुळ्याच्या गाडीत बसली. शाळेतला मंडप अजून सुटायचा आहे. खुर्च्या एकावर एक रचून ओट्याला लावल्यात आणि मी आतल्या खोलीत तुझ्या टेबलाशी बसलोय. मला रडू येत नाही. तू गेलास त्या सकाळीही आलं नव्हतं. अक्का दारातूनच हंबरडा फोडत आली, मी तिला पाणी दिलं आणि मंडपवाल्याला फोन लावला. तेव्हापासून मी नुसती कामं करतोय. तुला मूलबाळ नाही, धाकटा भाऊ म्हणून अग्नी मीच दिला, तेही एक काम उरकावं तसंच. लोक म्हणाले, बापूसरांनी सगळं व्यवस्थित केलं.

व्यवस्थित करणं मला येतंच. तीस वर्षं गावच्या शाळेत मास्तर, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक, आणि या पंचक्रोशीत माइक धरायचा तर बापूनेच, असा रिवाज. दहावीचे गुणवंत, सोसायटीचा नवा चेअरमन, ग्रामसेवकाचा निरोप, तलाठ्याचा सत्कार, सगळं माझ्या गळ्यात. तू सुट्टीवर आलास की चिडवायचास, "बापू, जेवताना तरी माइक खाली ठेवस का नही?" तीस-बत्तीस वर्षं देशोदेशी काढून तुझी अहिराणी जशीच्या तशी होती. माझीच शाळेत जाऊन बिघडली.

आपलं भांडण शब्दांवरून व्हायचं. मी कार्यक्रमाची पत्रिका लिहिली की तू पेन घेऊन बसायचास. "भव्य" खोड, "अविस्मरणीय" खोड, "असंख्य" खोड, कारण लोक मोजून दोनशे येणार. तू म्हणायचास, आमच्या खात्यात 'खेद' लिहायचा की 'चिंता' यावर सहा माणसं दोन दिवस बसतात, कारण तो शब्द समोरचा देश जपून ठेवतो आणि दहा वर्षांनी काढून दाखवतो. मी म्हणायचो, दोन दिवसांत आमच्याकडे अख्ख्या शेताचा कापूस वेचून होतो. तू हसायचास आणि "भव्य" खोडायचास. तू गेलास की मी ते परत लिहायचो, हे तुला माहीत होतं की नाही, कोण जाणे.

एक मात्र कबूल करतो. तुझं बोलणं या गावात मीच पोचवायचो. तुझी जिथे बदली होई तिथून माझ्या वर्गाला एक पोस्टकार्ड यायचं, त्यावर चार ओळी आणि एक प्रश्न. इथे नदी समुद्राला मिळत नाही, वाळवंटातच संपते, मग पाणी कुठे जातं? इथे दुपारी दुकानं बंद असतात, का असतील? मी ते मोठ्याने वाचायचो आणि पोरं आठवडाभर भांडायची. सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेतल्या पोरांना जग तुझ्यामुळे कळलं. पण आवाज माझा होता, नाना. इतकी वर्षं वाचून दाखवून मला वाटायला लागलं असावं, की तुझं काय सांगायचं आणि काय नाही, ते मलाच कळतं.

मागच्या वर्षी त्या शुक्रवारी संध्याकाळी अक्काचा फोन आला. "बापू, टीव्ही लाव. नानानं नाव ई राह्यनं." मी लावला. खाली पट्टी सरकत होती. परराष्ट्र खात्यात मोठे फेरबदल, पाच वरिष्ठ अधिकाऱ्यांना पदावरून हटवलं. सगळ्यात वरच्या साहेबांचं नाव पहिलं, तुझं तिसरं. मग एका चॅनेलवर चार माणसं बसली आणि एकमेकांच्या अंगावर ओरडायला लागली. एक म्हणाला, हे कधीच व्हायला हवं होतं. दुसरा म्हणाला, बाहेरच्या देशांत आता आपलं काय हसं होईल. तुझं आडनाव त्यांनी दोनदा चुकीचं उच्चारलं. मी आवाज बंद करून पट्टी पुन्हा येण्याची वाट बघत बसलो, वाचण्यात चूक झाली असेल म्हणून. तीन वेळा आली. चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन. "बापू, घर ई राह्यनू."

"कितला दिवस?"

"आते येसच."

म्हणजे आता कायमचाच. का, ते मी विचारलं नाही. फोन ठेवला आणि तसाच शिरपूरला फ्लेक्सवाल्याकडे गेलो. तुझा कोटातला फोटो त्याला दिला आणि मजकूर सांगितला. आपल्या गावचे भूमिपुत्र, परराष्ट्र खात्यातील सेवानिवृत्त वरिष्ठ अधिकारी, यांचा भव्य नागरी सत्कार. तो म्हणाला, "सर, निवृत्तीची तारीख टाकू का?" मी म्हणालो, तारीख नको.

हे मी न कळून केलं असतं तर आज बरं वाटलं असतं. पण मला सगळं माहीत होतं. तुला निवृत्तीला अजून दोन वर्षं होती हेही माहीत होतं. माझा हिशेब साधा होता. आपल्याकडे नोकरी संपवून माणूस गावी आला की शाल-श्रीफळ, टोपी-उपरणं, फोटो आणि जेवण. एकदा ते झालं की तो निवृत्त, मग कुणी वेगळं बोलत नाही. गाव बोलायला लागण्याआधी गावाच्याच हाताने तुझ्या खांद्यावर शाल टाकायची, असं मी ठरवलं. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू पेन घेऊन बसला असतास.

जळगाव स्टेशनवरून मी तुला आणि वहिनींना गाडीने आणलं. वहिनी पुढे बसल्या, सबंध वाटेत तू खिडकीबाहेर बघत होतास. मी मधे चहाला उतरलो, तुम्ही दोघं गाडीतच थांबलात. फाट्यावर फ्लेक्स दिसला तसं तू म्हणालास, "थांबव." उतरलास, हात मागे बांधून उभा राहिलास आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तो वाचलास. खालची सरपंचांची, सोसायटीची, तरुण मंडळाची नावंही वाचलीस. मग विचारलंस, "हाई कोनी लिखं?"

"मी."

"कार्यक्रम आजच शे?"

"आज संध्याकाळले."

मग "बरं" म्हणालास आणि गाडीत बसलास. मी ते 'बरं' होकार समजलो. तुझ्या धंद्यात 'बरं' म्हणजे फक्त 'ऐकलं' असं असतं, हे तूच मला एकदा समजावून सांगितलं होतंस.

कार्यक्रम चांगला झाला. चारशे माणसं होती, तुझ्या पेनाला भिऊन सांगत नाही, खरंच चारशे. सरपंचांनी शाल घातली. मी तुझ्याबद्दल पंधरा मिनिटं बोललो, पोस्टकार्डांचं सांगितलं, आणि म्हणालो की आता नानांनी दोन शब्द बोलावेत. तू उठलास. शाल काढून घडी करून खुर्चीवर ठेवलीस. मला वाटलं होतं इतक्या लोकांसमोर प्रमाण मराठीत बोलशील, पण तू अहिराणीत बोललास, सावकाश, शेतावर बोलावं तसं.

"मी निवृत्त नही व्हयनू. माले काढं. काब्रं काढं ते..."

का काढलं ते सांगणारं तिसरं वाक्य तुझ्या तोंडातच होतं आणि माइक माझ्या हातात आला. कसा आला ते आठवत नाही. इतक्या वर्षांचा हात आहे, आपोआप गेला असेल. मी हसलो आणि म्हणालो, "आपले नाना दिल्लीत राहून विनोदी झाले बघा. एवढे मोठे साहेब, पण थट्टेचा स्वभाव काही गेला नाही. नानांसाठी एकदा जोरदार टाळ्या." लोक हसले, टाळ्या वाजल्या. तू माझ्याकडे बघितलंस. तू माइक परत मागितला नाहीस. सभा चालवणाऱ्याने माइक घेतला की आपण बसायचं, ही तुझी जन्माची सवय. तू बसलास, घडी केलेली शाल मांडीवर घेतलीस, आणि मी आभार प्रदर्शनाला सरपंचांना बोलावलं.

जेवताना तू माझ्या शेजारी होतास. वांग्याची भाजी चांगली झालीय म्हणालास. उद्या कळण्याची भाकरी कर म्हणून घरात सांगितलंस. मी मनात म्हटलं, सुटलो.

त्यानंतर तू अकरा महिने होतास. ओट्यावर पेपर वाचायचास, बाहेरच्या देशांचं पान सगळ्यात शेवटी. गावातल्या लोकांचे अर्ज लिहून द्यायचास, असे नेमके की तहसीलमधला कारकून विचारायचा, हे कुणी लिहिलं. एकदा आपण कपाशीत उभे होतो आणि तुझा फोन वाजला. दिल्लीहून एक पोरगेला आवाज, तुझ्या हाताखाली शिकलेला. ऑफिसच्या फोनवरून करता येत नाही म्हणून बायकोच्या फोनवरून बोलत होता. कुठल्याशा देशाला मागे तोंडी काय कबूल केलं होतं, ते तिथे आता कुणालाच माहीत नव्हतं. तू उन्हात उभा राहून त्याला पाऊण तास सांगत होतास, कुणाशी बोल, काय बोलू नको. फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "काढं तरी इचारतस?" 'काढं' हा शब्द माझ्या तोंडून निघून गेला. पहिल्यांदाच.

तू माझ्याकडे बघितलंस, पण शब्द पकडला नाहीस. म्हणालास, कागदावर अर्धंच असतं, अर्धं माणसांच्या डोक्यात असतं, आणि पाच डोकी एका संध्याकाळी गेली. उरलेले आता एकमेकांना जिन्यातही ओळख दाखवत नाहीत, कुणाच्या नावावर पुढची फुली आहे ते माहीत नाही म्हणून. मग म्हणालास, तो पोरगा चांगला आहे, त्याला त्रास व्हायला नको. मी मान हलवली. त्या दिवशी मी विचारू शकलो असतो, तुला का काढलं. आपण दोघंच होतो, सांजवेळेपर्यंत काही काम नव्हतं. मी पाण्याच्या पाळीबद्दल बोलायला लागलो.

मग एकदा, दिवाळीच्या आसपास, तूच म्हणालास, "बापू, तू त्या दिन घाई करी."

मी भडकलो. तुला आठवत असेल. घाई? घराची अब्रू राखली मी, म्हणालो. नाही तर पारावर काय काय बोलले असते, काय खाल्लं, कुणाला विकलं, तू आयुष्य बाहेर काढलंस, तुला इथलं काय ठाऊक? मला इथे राहायचंय. तू सगळं ऐकून घेतलंस आणि एवढंच म्हणालास, "अब्रू गयेल नव्हती, बापू." मी उठून बाहेर गेलो. दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तूच चहा घेऊन ओट्यावर आलास आणि आपण कापसाच्या भावाबद्दल बोललो. मनात म्हटलं, कधीतरी सावकाश बसू आणि हे संपवू. कधीतरी.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी फ्लेक्सवाल्याने गंधमुक्तीच्या कार्डाचा नमुना मोबाइलवर पाठवला. मी अंगठा दाखवून होकार दिला. वाचलं नाही, बघितलंही नाही धड. माझं डोकं तेव्हा चालत नव्हतं, अजूनही चालत नाही. कार्डं छापून आली, वाटून झाली. वहिनींनी एक हातात घेतलं आणि मला आत बोलावलं.

"भाऊजी, हे 'सेवानिवृत्त' कुणी लिहिलं?"

मी बघितलं. त्याने जुन्या फ्लेक्सवरूनच सगळं उचललं होतं. तोच कोटातला फोटो, तेच शब्द, फक्त 'सत्कार'च्या जागी 'श्रद्धांजली'.

वहिनी रागावल्या नाहीत. त्या कधीच मोठ्याने बोलत नाहीत. म्हणाल्या, "त्या शुक्रवारी पाचही जणांना एकेक करून आत बोलावलं होतं. समोर एक कागद. वैयक्तिक कारणास्तव मी स्वेच्छेने निवृत्त होत आहे. खाली सही करायची. सही केली की निरोपाचा चहा, गुच्छ, चार चांगली भाषणं, सगळं रीतसर. चौघांनी केली. यांनी नाही केली."

"का?"

"म्हणाले, कारण वैयक्तिक नव्हतं. सरकारला मला काढायचा हक्क आहे, त्यांनी काढावं. पण मी आपणहून गेलो, असं माझ्या हाताने लिहून देणार नाही. मग यांना चहा नाही, गुच्छ नाही. खोलीवरची पाटी त्याच संध्याकाळी निघाली. स्वतःचं खोकं स्वतः उचलून खाली आले."

मी कार्ड हातात धरून उभा होतो. दिल्लीत एवढ्या मोठ्या लोकांनी समोर ठेवलेल्या कागदावर तू सही केली नाहीस. त्याची जी काही किंमत होती ती दिलीस आणि ताठ मानेने घरी आलास. आणि घरी येईपर्यंत मी तोच कागद दहा फुटांचा करून फाट्यावर लावून ठेवला होता. ती सही तुझ्या वतीने मी केली. एकदा नाही, दोनदा.

मी विचारलं, "पण का काढलं, वहिनी?"

"ते मला नाही सांगितलं. कामातलं घरात आणायचे नाहीत, कधीच नाही. पण जळगावहून येताना, तुम्ही चहाला उतरलात तेव्हा, म्हणाले की गावात सांगेन. गुपित न फोडता सांगता येईल, आणि आपल्या लोकांना कळेल असं सांगता येईल." मग म्हणाल्या, "पुन्हा कधी तो विषय काढला नाही त्यांनी."

ती रात्र आणि पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं काही नाही. मी बादल्या मोजल्या, पत्रावळी मोजल्या. आणि ठरवलं, की जिथे घेतलं तिथेच परत द्यायचं.

आज सकाळी मंडप तिथेच होता, शाळेच्या पटांगणात. लोकही बरेचसे तेच. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, सगळ्यांनी तुला सेवानिवृत्त म्हटलं. शेवटी मी माइक घेतला. माझा आवाज नेहमीसारखाच होता, त्याची मला लाज वाटली. मी म्हणालो, मागच्या वर्षी याच जागी नाना दोन वाक्यं बोलला आणि मी ती थट्टा आहे म्हणून सांगितलं. ती थट्टा नव्हती. नाना निवृत्त झाला नव्हता. त्याला काढलं होतं. कार्डावर छापलंय ते चूक आहे आणि ती चूक माझी आहे.

मी थांबलो. मला वाटलं होतं लोकांत कुजबुज होईल. कुणी हललं नाही. मग पहिल्या रांगेतून उखा आबा बोलले, ऐंशीच्या पुढचे, लहानपणी तुला बैल चारायला नेणारे.

"बापू, काढं ते आमले बठ्ठास्ले माहीत व्हतं. टीव्ही आमना घरमा बी शे."

"मंग हासनात कसाले, आबा?"

"तू हासना म्हनीसन. तू मास्तर शे. मास्तर हासना का पोरे हासतस."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. साधं सांगत होते. म्हणजे त्या संध्याकाळी मंडपात चारशे माणसं होती, आणि तुला काढल्याचं सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी ती तुला ऐकायला आली होती. त्यांनी शाल घातली ती काढलेल्या माणसालाच घातली. अब्रू गयेल नव्हती, हे तू म्हणालास तेव्हा तुला हे दिसलेलं होतं. मला नव्हतं दिसलं. माझ्यासाठी ते हसले, आणि तू मांडीवर शाल घेऊन ते हसू ऐकत बसलास.

उखा आबा काठी टेकून उठले. मला वाटलं निघाले. पण ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"काढं ते माहीत व्हतं. काब्रं काढं, ते माहीत नही. ते तो सांगी राह्यंता, तू माईक लई लिधा." मग मागे वळून लोकांकडे बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे. "आते तू सांग."

सगळं पटांगण माझ्याकडे बघत होतं. वहिनीही बघत होत्या. नाना, माइक चालू होता, आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.